गुटूची गरम पेज

एक होती चिचुंद्री. एवढीश्शी! तिचं बाळ गुटू. तो तर आईहूनही चिमुकला.

घरात होत्या थोड्या लाह्या. वारा आला, भुर्रर्र! लाह्या गेल्या उडून. गुटू रडला, "चीं चीं चीं!"

शेजारची मुंगी म्हणाली, "अगं, बसलीस काय? वडाखाली कोंबडीताई बाळांना पेज देते. ने की त्याला!"

गुटूने आईची शेपटी घट्ट धरली. दोघं निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

"कोंबडीताई, पेज दे!
गुटू माझा उपाशी!"

"नाही गं बाई! आधी वजन, मग पेज. रीत म्हणजे रीत. वानराला काटा टांगू दे, मग देते."

तुरुतुरु तुरुतुरु.

"वानरदादा, काटा टांग!
कोंबडी पेज देईना,
गुटू माझा उपाशी!"

"नाही गं बाई! टांगू कशाने? गाईला दावं देऊ दे, मग टांगतो."

"चीं चीं," गुटू म्हणाला. हळूच.

तुरुतुरु तुरुतुरु.

"गाईमावशी, दावं दे!
वानर काटा टांगेना,
कोंबडी पेज देईना,
गुटू माझा उपाशी!"

"नाही गं बाई! घसा सुकलाय माझा. हौद भरू दे, मग देते."

"चीं," गुटू म्हणाला. अगदी हळूच.

तुरुतुरु तुरुतुरु.

"हौदोबा, हौदोबा, भर की रे!
गाय दावं देईना,
वानर काटा टांगेना,
कोंबडी पेज देईना,
गुटू माझा उपाशी!"

"नाही गं बाई! नळाच्या तोंडात बेडकी बसलीय. ती सरकू दे, मग भरतो."

आता गुटू बोलेना. शेपटीही धरेना. आईने त्याला पोटाशी घेतलं. पळाली, धडपड धडपड!

"बेडकीबाई, सरक गं!
हौद काही भरेना,
गाय दावं देईना,
वानर काटा टांगेना,
कोंबडी पेज देईना,
गुटू माझा उपाशी!"

"कशी सरकू गं? हलले की बाळ रडतं. निजू दे, मग सरकते."

"डराँव! डराँव!" बेडकीचं बाळ ओरडलं.

चिचुंद्रीला रडूच फुटलं. आपलं बाळ उपाशी, दुसऱ्याचं कधी निजवू? पण बाळ ते बाळ! एका कुशीत गुटू, दुसऱ्या कुशीत बेडकीचं बाळ. चिचुंद्री गाऊ लागली,

"नीज रे, नीज रे, पाण्याच्या बाळा,
चिखलाची गादी नि शेवाळाच्या माळा..."

डराँव... डरा... डुर्र.

निजलं!

बाळ निजलं, बेडकी सरकली, टुणकन!
बेडकी सरकली, हौद भरला, भळाभळा!
हौद भरला, गाय प्यायली, घटाघटा!
गाईने दावं दिलं, वानराने काटा टांगला, झुंई!

गुटूला पारड्यात ठेवलं. पारडं हलेचना!

कोंबडीताई दचकली. "अगंबाई! काहीच भरत नाही गं हे लेकरू! आणि मी मेली रीत धरून बसले!"

पळी बुडवली, डुबुक. फुंकर घातली, फू फू. पेज गुटूच्या ओठाला लावली.

गुटू गप्प.

सगळे वाकून बघू लागले. वानरही वाकला.

मग... चुटुक!

मग... चुटुक चुटुक!

गुटूने डोळे उघडले. आईने त्याचे पटापट मुके घेतले.

"आजपासून आधी पेज, मग वजन!" कोंबडीताई म्हणाली. "सांगा सगळ्या आयांना!"

आणि गुटू काय म्हणाला?

"आणखी!"