आरशातली धर्मशाळा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजे आपल्या चुका स्वतःच करीत, त्यासाठी वेगळा कारभारी नेमत नसत.

अशाच एका राजाच्या राज्यात एक उंच खिंड होती. अलीकडे राजधानी, पलीकडे डोंगरातली गावं. थंडीत त्या खिंडीत असा वारा सुटे, की दरवर्षी दोन-चार वाटसरू गारठून मरत. म्हणून राजाने ठरवलं, खिंडीत धर्मशाळा बांधायची. काम दिलं एका म्हाताऱ्या गवंड्याला.

गवंडी हरखून गेला. त्याची एकुलती एक लेक खिंडीपलीकडे दिलेली होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, सातव्या महिन्यात लेकीला आणायचं, ही तिकडची रीत. त्याने तिच्या सासरी निरोप धाडला, "धर्मशाळा झाल्याची दवंडी ऐकलीत, की मगच पोरीला पाठवा. त्याआधी तिला खिंड चढू देऊ नका."

चार भिंती, एक छप्पर, एक चूल. दोन महिन्यांचं काम. दगडसुद्धा खिंडीत जाऊन पडले.

आणि नेमका दसऱ्याच्या तोंडावर दूरदेशीचा एक कारागीर दरबारात आरसा घेऊन आला. काशाच्या जाड पत्र्याचा, चांगला दोन दारांएवढा. त्याच्यासमोर इमारतीचं नुसतं वर्णन करायचं, की बांधून झाल्यावर ती कशी दिसेल ते आत दिसे. खांब हलव म्हटलं की हले. दार मोठं कर म्हटलं की होई.

खरं सांगायचं तर गवंड्यालाही आरसा आवडला. चुकलेली भिंत पाडण्यापेक्षा चूक आधीच दिसली, तर ती कुणाला नको आहे?

"छान आहे महाराज," तो म्हणाला. "आता सुरू करतो."

"थांब जरा," राजा म्हणाला. "आधी नीट ठरू दे."

ते 'जरा' काही संपेना. राणीसाहेबांना कमानी हव्या झाल्या. प्रधानजींना घुमट हवा झाला. सेनापतींनी बुरूज मागितले, धर्मशाळेला बुरूज! राजपुरोहितांनी सोमवारी दार पूर्वेला नेलं आणि बुधवारी उत्तरेला. आरशात बदल करायला ना घाम लागे ना चुना, त्यामुळे कुणाला काही मागायची लाजच राहिली नाही. गवंडी रोज सकाळी ओळंब्याची दोरी घेऊन दरबारात येई आणि संध्याकाळी कपाळावर हात मारून परत जाई. नमनालाच घडाभर तेल जळत होतं.

"महाराज, दिवाळी झाली. पाया तरी खणू का?"

"अरे, पाया खणलास आणि मग घुमट बदलला तर?"

"घुमट वर असतो महाराज. पाया खाली असतो."

"आरशात दोन्ही एकदम दिसतात," प्रधान कौतुकाने म्हणाला.

लेकीला आणायला स्वतः जावं म्हणून गवंड्याने रजा मागितली, तर राजा म्हणाला, "उद्या नक्की ठरतंय, जाऊ नकोस." असे चाळीस उद्या झाले.

मार्गशीर्षात शेजारचा राजा पाहुणा म्हणून आला. त्याने आरशात पाहिलं. बदल होता होता सतरावी धर्मशाळा झगमगत होती. चुलीत जाळ होता, वाटसरू घोंगड्यांवर सुखाने पहुडले होते.

"वा! कधी बांधलीत?" त्याने विचारलं.

'अजून नाही' म्हणायला राजाची जीभ रेटेना. "नुकतीच," तो म्हणाला.

मग काय, बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. पुरोहितांनी आरशापुढे वास्तुशांत केली. पंगती उठल्या. धर्मशाळा झाल्याची दवंडी खिंडीच्या दोन्ही बाजूंना गेली. पाहुण्याने प्रत्यक्ष पाहायचा हट्ट धरला, तेव्हा प्रधानाने तोड काढली, "आरसा बरोबर नेऊ आणि तिथंच उभा करू!"

दवंडी ऐकून गवंड्याला लेकीच्या सासरी धाडलेला निरोप आठवला. तो तसाच खिंडीकडे धावत सुटला. दुपारी वर पोचला, तर पलीकडून बैलांचा तांडा आलेला, आणि दगडांच्या ढिगावर आठवा महिना लागलेली लेक बसलेली.

"बाबा, धर्मशाळा कुठंय हो?"

"तू जिच्यावर बसली आहेस ना पोरी, तीच."

तेवढ्यात खालून दोन्ही राजे आले आणि त्यांच्यामागे आरसा वाहणारे आठ भोई. कुणी काही बोलायच्या आत आभाळ काळं झालं, वारा घोंघावला आणि गारा कोसळू लागल्या. लिंबाएवढ्या.

"आरसा आडवा घाला!" गवंडी ओरडला. "दगडांवर पालथा टाका, आणि आधी पोरीला आत घ्या!"

भोयांनी आरसा दगडांच्या दोन ढिगांवर टाकला. खाली लेक, राजे, प्रधान, जो तो मावेल तसा शिरला. डोक्यावर आरशात चुलीचा जाळ धडधडत होता आणि खाली सगळ्यांचे दात वाजत होते.

गारा थांबल्यावर तांड्याच्या शेपटाला मागे राहिलेला एक म्हातारा मीठविक्या सापडला. तो गारठून मेला होता. त्यानेही दवंडी ऐकली होती.

राजाने संतापून आरशावर दगड उचलला. "खोटारड्या, तू आम्हाला फसवलंस!"

"महाराज," आरसा पहिल्यांदाच बोलला, "काय होईल ते मी दाखवलं. झालं आहे, असं मी कधी म्हणालो?"

गवंड्याने राजाचा हात धरला. "त्याने त्याचं काम केलं, महाराज. आपलं आपण केलं नाही. दगड उचललाच आहे, तर पायाशी ठेवा."

मग तो आरशाकडे वळला. "पौषातला वारा इथे कुठून येतो, दाखव बघू."

आरशाने क्षणात दाखवलं. वारा उत्तरेचा होता, आणि सतराव्या धर्मशाळेचं दार बरोबर त्याच्या तोंडावर होतं. दोन महिन्यांत एवढं एक कुणी विचारलं नव्हतं.

गवंड्याने दार दक्षिणेला धरलं आणि ओळंबा सोडला. पहिला दगड राजाने ठेवला, मान खाली घालून. लेक सुखरूप माहेरी पोचली आणि तिला मुलगी झाली. बारशाच्या आधी धर्मशाळेवर छप्पर चढलं. तिला घुमट नाही, बुरूज नाही. मीठविक्याच्या घरच्यांना मात्र त्याचा काय उपयोग?

तात्पर्य: उद्याचं घर दाखवणारं साधन हाती आलं, म्हणून आजचा दगड उचलायचं काम चुकत नाही.