पिंपळीची सुरा

एका राज्यात दुधाला विरजण लागेनासे झाले. आंबोळीचे पीठ तीन तीन दिवस झाकून ठेवले तरी फुगेना, आणि राजवाड्याच्या सुराघरात भिजवलेले जव रांजणांत निपचित पडून राहिले. वैद्य आले, ज्योतिषी आले, जेवून गेले. कारण साऱ्या नगराला ठाऊक होते, पण मोठ्याने बोलायची कोणाची छाती नव्हती. ज्या एका वाक्यापायी हे घडले ते राजा हेमांगदाच्या रसपारखीच्या तोंडचे होते.

तिचे नाव वेणावती. राजाच्या ताटातले आणि पेल्यातले सारे आधी तिच्या जिभेवर यायचे. रीत अशी, की घोट तोंडात घोळवायचा, सहा रसांचा निवाडा सांगायचा आणि पितळेच्या पिकदाणीत थुंकायचा. गिळायचा नाही. गिळणाऱ्याची जीभ लोभावते, असे जुने लोक सांगत. वीस वर्षे तिने ही रीत पाळली. वीस वर्षे तिला एक कोरडा खोकलाही होता, पण त्याला औषध घ्यायचे म्हणजे गिळायचे, म्हणून तो तसाच राहिला.

तिचा नवरा सोमदत्त त्याच राजवाड्यातला सुराकार. थंडीच्या तोंडाशी तो भाजलेल्या जवांची कडक सुरा करी. रंग मधाचा, आत दालचिनी, लवंग, सुंठ आणि मूठभर पिंपळी. पहिला पेला तो वेणावतीपुढे धरून विचारी, "कशी झालीय?"

ती घोळवी, थुंके आणि म्हणे, "बरी आहे. पण राजाच्या सुरेत एवढी पिंपळी कशाला?"

"असू दे," तो म्हणे आणि पेला घेऊन जाई. संसार असा बरा चालला होता.

एके दिवशी कपिलाक्ष नावाचा जादूगार स्वतः केलेली सुरा घेऊन दरबारात आला. वेणावतीने घोट घेतला, थुंकला आणि म्हणाली, "चांगली आहे. आमच्या घरची हिच्याहून सरस."

"घरची कधी प्यायली आहेस?" जादूगाराने विचारले.

वेणावतीने पिकदाणीकडे पाहिले.

"न पिताच निवाडा करतेस. आता पिऊन ओळख." त्याने टाळी वाजवली. सोमदत्त उभा होता तिथे रांजण उभा राहिला. जादूगाराने तो खांद्यावर घेतला आणि सातव्या डोंगरावर निघून गेला. त्या दिवसापासून राज्यात काही आंबेना.

राजाने आधी सेनापती धाडला. तो तिसऱ्या डोंगरावरून मोर होऊन परत आला. मग प्रधान गेला, तो पाचव्यावर घायपात होऊन राहिला. तिसऱ्या खेपेला वेणावती स्वतःच उठली आणि कमरेला पेला बांधून निघाली. तिला कोणी अडवले नाही, कारण बोलावणे तिलाच होते.

सातव्या डोंगरावर एक सपाट कातळ होता. कातळावर तीन रांजण होते, आणि मधल्याच्या काठावर साळुंकी बसली होती.

"एक रांजण तुझा, दोन माझ्या धन्याचे," साळुंकी म्हणाली. "ऊन कातळावरून उतरायच्या आत तुझ्या रांजणावर हात ठेव आणि नाव घेऊन हाक मार. चुकलीस तर तो रांजणच राहील."

"चाखायला मोकळीक आहे?"

"थुंकलेस तर काही जाणार नाही. गिळलेस तर दर घोटाला जिभेचे दोन रस जातील, आणि ते परत मिळत नाहीत."

वेणावतीने पेला भरला. पहिल्यातून घोळवले, थुंकले. दुसऱ्यातून, तिसऱ्यातून. तिन्हींत तेच भाजलेले जव, तोच गुळचटपणा, तीच लवंग मागून येणारी, पिंपळीसुद्धा तेवढीच. पुन्हा चाखले, पुन्हा तेच. जादूगाराने नक्कल अशी चोख केली होती, की राज्यातली पहिली जीभ तिच्यापुढे हात टेकून बसली. वेणावतीला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या जिभेची भीती वाटली. ऊन अर्ध्या कातळावर आले.

तिने पहिल्या रांजणातला घोट गिळला. गोड गेले, खारट गेले. सुरा घशापर्यंत आली आणि तिथेच संपली. खाली काहीच उतरले नाही. वेणावती खोकली आणि पुढे सरकली.

दुसऱ्यातला घोट गिळला. आंबट गेले, तिखट गेले. ही सुरा मात्र थेट पोटात उतरली, अंग हलके झाले, कानशिले तापली. इतकी झकास सुरा असू शकते हे तिला ठाऊक नव्हते. हीच असणार, असे वाटून तिने हात उचलला, आणि पुन्हा खोकली.

"ठेव हात," साळुंकी म्हणाली. "कडू आणि तुरट तुझ्यापाशी आहेत. विष कडू असते. कडू कळते तोवर राजा तुला ठेवून घेईल."

बोलणे खोटे नव्हते. वेणावतीचा हात रांजणापासून वीतभर राहिला. पण तिसरा न पिता निवाडा केला, तर ज्या चुकीपायी नवरा गेला तीच ती पुन्हा करणार होती. जिभेचे तिला वाईट वाटले, फार वाईट वाटले. मग तिने तिसऱ्यात पेला बुडवला आणि गिळला.

जीभ मेली. कडू नाही, तुरट नाही. तोंडात नुसते ओले काहीतरी होते. ते हळूहळू छातीत उतरले आणि तिथे मुक्कामाला आल्यासारखे थांबले. मग ऊब वर चढू लागली. घशात वीस वर्षे अडकून बसलेले काहीतरी सुटले. वेणावती खोकल्याची वाट पाहत राहिली, पण खोकला आला नाही.

पिंपळी राजासाठी नव्हतीच. वर्षानुवर्षे सोमदत्त पेल्यातून तिच्या खोकल्याचे औषध पुढे करत होता, आणि ती ते थुंकून त्यालाच दोष देत होती. कातळावर बसून ती रडली.

ऊन काठाशी आले होते. नवऱ्याचे नाव तिने लग्नातल्या उखाण्यानंतर कधी घेतले नव्हते. रांजणावर दोन्ही हात ठेवून तिने हाक मारली, "सोमदत्ता!"

रांजण तडकला. आतून सोमदत्त बाहेर आला. त्याच्या केसांत जवाची टरफले होती. त्याने आजूबाजूला पाहिले, मग तिच्या हातातला पेला पाहिला. त्यात तळाशी थोडी सुरा उरली होती.

"कशी झालीय?" त्याने विचारले. मग सवयीने शोधू लागला, "पिकदाणी कुठे?"

"ती घरी राहिली," वेणावती म्हणाली.

साळुंकी उडून गेली. उरलेले दोन रांजण रिकामे झाले. खाली मोराचा सेनापती झाला, घायपाताचा प्रधान झाला, आणि घराघरांत दही लागले. राजाने नवा रसपारखी नेमला आणि रीत बदलली: शेवटचा घोट गिळूनच निवाडा सांगायचा. वेणावतीच्या जिभेवर मात्र पुढे साखर आणि माती एकच राहिली, कारण गेलेले रस परत मिळत नाहीत हे आधीच सांगितलेले होते.

पुढच्या थंडीत सोमदत्ताने पहिला पेला तिच्यापुढे धरला. विचारू की नको, असे त्याला झाले. तरी विचारले, "कशी झालीय?"

वेणावतीने पेला तळापर्यंत रिकामा केला, तोंड पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला.

"चव काही कळत नाही," ती म्हणाली. "आणखी द्या."