उबदार काठावरचं बीळ

गोष्ट फार लांबची नाही, खाडीच्या चिखलातली आहे. तिथं समुद्री किड्यांची एक वस्ती होती. किडा म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण या वस्तीची रीत ऐकण्यासारखी होती. बायको बिळाच्या भिंतीला अंडी चिकटवायची आणि तिचं आयुष्य तिथंच संपायचं. पुढं अंडी सांभाळायची बापानं. तो सतत अंग हलवून बिळात ताजं पाणी खेळवायचा, कारण पाणी साचलं की अंडी गुदमरतात. पिल्लं बाहेर पडेपर्यंत बापानं बीळ सोडायचं नसे.

या वस्तीत एक खादाड नवरा आणि त्याची जपून वागणारी बायको राहत होती. अंड्यांचे दिवस जवळ आले तशी बायको म्हणाली, "अहो, बीळ खालच्या अंगाला करू या. तिथं भरतीचं पाणी खेळतं राहतं, गार असतं."

"आणि खायचं काय? चिमूटभर गाळ?" नवरा म्हणाला. "वर काठाला बघ जरा. माणसं मासळी धुतात, ते खवले, ती आतडी सगळी त्या डबक्यात येऊन पडतात. पाणी कसं छान कोमट. बसल्या जागी जेवू. पोरंही धष्टपुष्ट होतील."

"पण पाणी जास्तच तापलं तर?"

"तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," तो हसून म्हणाला.

ती अंड्यांनी जड झाली होती. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं. बीळ काठालाच झालं. तिनं अंडी घातली, "जपा यांना," एवढं म्हणाली आणि गेली.

सुरुवातीला चंगळ होती. मग ऊन वाढलं. डबकं तापलं, पडलेली आतडी कुजू लागली आणि पाण्यातला प्राणवायू कमी झाला. पूर्वी बापानं अधूनमधून अंग हलवलं तरी भागायचं. आता क्षणभर थांबायची सोय राहिली नाही. दमला की भूक लागायची, म्हणून तो भरपूर खायचा. खाल्लेलं सगळं श्वास घेण्यात आणि पाणी हलवण्यातच संपायचं, अंगी काहीच लागायचं नाही. समोर ताट भरलेलं आणि हा दिवसेंदिवस वाळत चाललेला.

एकदा मोठ्या भरतीबरोबर खालच्या अंगाचे म्हातारे काका वर आले. चांगले गुबगुबीत होते.

"अरे, एवढी मेजवानी पुढ्यात असताना तुझी ही दशा?"

"काका, तुम्ही खाता तरी काय?"

"आमचं काय, तोच गाळ. पण पाणी गार आहे, फार धडपडावं लागत नाही. खाल्लेलं थोडं तरी उरतं. तू आपला खाली चल."

"अंडी भिंतीला चिकटलीत, काका. भिंत कशी उचलून नेऊ?"

पाणी ओसरू लागलं तसे काका परत गेले.

एका दुपारी बापाचा जरासा डोळा लागला. जागा झाला तेव्हा आतल्या बाजूची बरीचशी अंडी पांढरी पडली होती. "ती विचारत होती," तो स्वतःशीच म्हणाला. "मी हसण्यावारी नेलं." त्या दिवसापासून त्यानं डोळा लागू दिला नाही.

शेवटी मूठभर पिल्लं बाहेर आली. अगदी किडकिडीत होती बिचारी. डबक्यातला खाऊ बघून ती हरखली.

"बाबा, आपण इथंच राहू. किती आहे खायला!"

"नाही रे बाळांनो. भरती आली की खाली जायचं. आजच."

"खाली काय मिळतं?"

"थोडंच मिळतं. पण तिथं तुम्ही वाढाल."

"तुम्ही येताय ना?"

बापानं भिंतीकडं पाहिलं. "एवढी राहिलेली बाहेर पडली की येतो," तो म्हणाला.

पिल्लं पाण्याबरोबर खाली निघून गेली. राहिलेल्या अंड्यांत आता जीव नव्हता, हे बापाला ठाऊक होतं. तरी तो त्यांच्याजवळ अंग हलवत राहिला.

तात्पर्य एवढंच, की घर मांडताना तिथं मिळतं किती हे जरूर बघावं, पण तिथं जगण्यातच किती झिजावं लागेल, हे त्याआधी बघावं. आणि घरातलं कुणी तेच विचारत असेल, तर हसू नये.