कवडीच्या पायांतलं बळ

एक होती वाडी, डोंगराच्या अगदी कुशीत. तिथं हौसा नावाची नवी सून आली. माहेराहून येताना तिनं काय आणलं असेल? दागिने नाहीत, भांडी नाहीत. दुरडीत बसवून एक कोंबडी आणली. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी.

सासरी सगळंच नवं. हौसा सासूसमोर तोंड उघडायला बिचकायची. पण परसात कवडी भेटली की सगळं सांगून मोकळी व्हायची. भाकरी करपली, माहेरची आठवण आली, सगळं. कवडी मान वाकडी करून ऐकायची, बरं का.

मग एका सकाळी काय झालं, खुराडं उघडलं तर कवडी बाहेर येईना. एक पाय पुढं पसरलेला, एक मागं. उठायला जायची आणि कलंडायची. पायांत जीवच नाही.

सासू आली. तिनं पाहिलं आणि म्हणाली, "हौसा, ही आता काही उठत नाही. आज संध्याकाळी जावईबापू यायचेत. रस्सा करून टाकू."

सासू वाईट नव्हती हं. घर चालवायचं तर असं बोलावं लागतं.

हौसानं कवडीला उचलून जवळ घेतलं. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, संध्याकाळपर्यंत मला बघू द्या."

"बघ. तोवर मी मसाला वाटते," सासू म्हणाली.

हौसानं भाकरी बांधून घेतली, कवडीला दुरडीत ठेवलं आणि दुरडी डोक्यावर घेऊन निघाली. तर दुरडीतून आवाज आला, "हौसे, डोंगर चढ. वर रानकोंबडा राहतो. आम्हां सगळ्या कोंबड्यांचा आजा तो. त्याला विचार."

हौसा चकित झाली. पण म्हणाली, इतके दिवस मी बोलले, आज ही बोलतेय, त्यात काय एवढं. आणि डोंगर चढली.

रानकोंबडा कातळावर ऊन खात बसला होता. त्यानं कवडीचे पाय निरखले. म्हणाला, "हिच्या पायांतलं बळ झिरपून मातीत गेलंय. मातीकडूनच परत मागा. वारुळाच्या मातीत ताकद, खेकड्याच्या चिखलात पकड, सशाच्या धुळीत उडी. तिन्हींचा लेप लावा. पण चोरून नाही, मागून घ्या."

मग हौसा वारुळापाशी गेली. मुंग्या फणकाऱ्यानं म्हणाल्या, "हिला माती? हिनं आमच्या किती जणी टिपल्या!"

कवडीनं मान खाली घातली. "टिपल्या खऱ्या. खोटं कशाला सांगू? चुकले मी."

मुंग्या जराशा नरमल्या. हौसानं आपली भाकरी कुस्करून वारुळाभोवती पसरली. मग काय, त्यांनीच कणकण माती तिच्या ओंजळीत आणून टाकली.

मग ओढ्यावर गेली. खेकडा बिळाबाहेर फुरंगटून बसलेला. बिळाच्या तोंडावर दगड घरंगळला होता. हौसानं पदर खोचला, जोर लावून दगड हलवला. "खेकडेदादा, मूठभर चिखल देता?"

"मूठभर काय, दोन मुठी ने," खेकडा म्हणाला आणि आडवा आडवा घरात शिरला.

उन्हं कलली होती. ससा सापडला करवंदीच्या जाळीत. डोळे लाल, अंग थरथरतंय. म्हणाला, "धूळ देईन. पण मला झोप हवी. डोळा मिटला की वाटतं कोणी येईल. तू जरा राखण बसतेस?"

आता आली का पंचाईत? तिकडं चुलीवर पाणी चढलं असणार. हौसाचा जीव वरखाली झाला. पण सशाचे ते डोळे बघून ती खाली बसली. कवडीला मांडीवर घेतलं. ससा तिच्या पायाशी मुटकुळं करून झोपला. असा झोपला, की कान उलटे पडले तरी त्याला पत्ता नाही.

जागा झाला तेव्हा टवटवीत. त्यानं मागचे पाय झाडले, धूळ उडाली, ती हौसानं पदरात झेलली.

तिथंच तिन्ही माती कालवल्या. कवडीच्या पायांना लेप लावला. वाट पाहिली. कवडी काही हलेना. डोळे पुसत हौसा घराकडे चालू लागली.

अंगणात जावईबापू बाजेवर बसलेले, डोक्यावर भला मोठा फेटा. चुलीवर पाणी खदखदतंय. सासूनं दुरडी उतरवली आणि कवडीला उचलून अंगणात ठेवलं. लेप सुकून आला होता. तो तडकला. खपल्या गळाल्या. कवडीनं एक बोट हलवलं, मग पंजा रोवला, मग लटपटत उभी राहिली. आणि अशी उडी मारली, की थेट जावईबापूंच्या फेट्यावर!

सगळे बघतच राहिले. मग जावईबापू पोट धरून हसायला लागले. सासूही हसली. म्हणाली, "आता हिच्यामागं कोण धावणार? हौसा, पिठलं टाक. आणि ये, इथं चुलीपाशी बस. दिवसभर कुठं होतीस ते सगळं सांग मला."

हौसानं पहिल्यांदा सासूला सगळं सांगितलं. जावईबापूंनी पिठलं दोनदा मागून घेतलं.

पुढं कवडीनं पिल्लं काढली, सासूसुना गुण्यागोविंदानं नांदल्या. ती वाडी आता गाढ झोपलीय. तुम्हीही घ्या गोधडी अंगावर, आणि मिटा डोळे. मी बसलेय इथं.