म्हशीचा गुडघा

फार पूर्वी एका रानात माकडाने सकाळचा सामूहिक व्यायाम सुरू केला. चिखलात लोळून जडावलेली म्हैस त्यात गेली आणि चार जणांच्या नादाने टेकडीवरच्या कोवळ्या गवतापर्यंत चढू लागली.

मग माकड फांदीवर बसून ओरडू लागले, "शेळीएवढी उंच उडी मारा! थांबेल तो आळशी!"

म्हशीने उडी मारली. गुडघा टम्म सुजला.

"संपलं माझं गवत. आता पुन्हा चिखलच," ती कण्हली.

शेळी म्हणाली, "म्हशीबाई, उडी माझी होती, गुडघा तुमचा. सूज उतरली की या, पण चालायला."

म्हैस आली. सगळे उड्या मारत असताना ती मधोमध डुलत चालली आणि काही दिवसांनी टेकडीवर निवांत चरू लागली.

"डुलत चालणे हा प्रकार माझाच," माकडाने जाहीर केले.