साहेब, राणी आणि चित्रपट सांगणारा

एका गावात एक चित्रपट सांगणारा राहत होता. त्याचं नाव विसोबा. गावोगावच्या जत्रांत तंबू लागे, त्यात परदेशी बोलपट दाखवला जाई आणि त्यातलं एक अक्षर कुणाला कळत नसे. मग विसोबा भोंगा घेऊन पडद्याशेजारी उभा राही आणि सगळी कथा मराठीत सांगे. पडद्यावर राजा रडला की हा रडे, घोडा पळाला की हा धापा टाके. लोक म्हणत, "पडदा परका, पण विसोबा आपला."

एका वर्षी तंबूच्या मालकाने नवा चित्रपट आणला. बाहेर पाटी लावली, 'सहकुटुंब पाहा, पोट धरून हसा.' चित्रपटात एक गोरा साहेब जहाजातून एका बेटावर उतरे. तिथली माणसं काळी. ती साहेबाच्या पेट्या उचलत, त्याच्या बुटांना नमस्कार करत, आणि बोलत काय, तर नुसतं 'हू हू'. साहेब त्यांच्या राणीला आसनावरून उठवी आणि स्वतः तिथे बसे. लगेच तंबूत टाळ्या! वा रे न्याय! दुसऱ्याच्या घरात शिरायचं, त्याची जागा बळकावायची आणि वर त्यालाच खुळा ठरवायचं. चोर तो चोर, वर शिरजोर!

विसोबाला मात्र याचं काहीच वाटलं नाही. उलट त्याने पदरचं तिखटमीठ लावलं. "ही बघा, तव्याच्या बुडाची फौज आली!" असं तो ओरडे आणि लोक हसून लोळत.

जत्रेच्या शेवटच्या दिवशी त्याची मुलगी गुणा खेळाला आली. रंगाने ती बापावर गेलेली, काळीसावळी. आपला बाप कसा बोलतो ते तिला ऐकायचं होतं, म्हणून ती अगदी पुढे बसली. बेटावरची माणसं पडद्यावर आली. विसोबाने तव्याची थट्टा केली. तशी शेजारची पोरं गुणाकडे पाहू लागली.

"अरे, त्यांच्यातली एक इथेच बसलीय! हू हू!" एकजण ओरडला. मग सगळी रांगच हू हू करू लागली. त्यांचे आईबापही हसले. गुणा रडली नाही. तिने आपले दोन्ही हात परकराखाली लपवले.

विसोबाने ते पाहिलं आणि त्याची वाचाच बसली. पडद्यावर साहेब राणीला उठवत होता. मालक कनातीआडून खेकसला, "अरे, बोल की! पोरं हसायला आलीत."

विसोबाने भोंगा तोंडाला लावला. "मंडळी, ही बाई हू हू म्हणत नाहीये. ती म्हणतेय, हे घर माझं आहे, मला उठवणारा तू कोण?"

हशा थांबला. मागून कुणीतरी म्हणालं, "विसोबा, गंमत घालवू नकोस."

"गंमत?" विसोबा कडाडला. "उद्या कुणी तुमच्या दारात शिरून तुमच्या आईला उठवलं, तर अशाच टाळ्या वाजवाल का रे?"

मालकाने भोंगा हिसकावून घेतला आणि विसोबाला बाहेर काढलं. "पुढच्या गावाला येऊ नकोस," असं वर बजावलं. विसोबाला दुसरं काम येत नव्हतं. तरीही त्याने मालकाची विनवणी केली नाही. गुणाचा हात धरला आणि तो चालू लागला.

बरंच अंतर गेल्यावर गुणाने विचारलं, "बाबा, त्या राणीचं नाव काय होतं?"

विसोबा थबकला. साहेबाचं नाव त्याला पाठ होतं. साहेबाच्या कुत्र्याचंही होतं. राणीला मात्र चित्रपटात कुणी नावच दिलं नव्हतं, आणि ते विचारावं असं त्याच्याही मनात कधी आलं नव्हतं. लेकीपुढे त्याची मान खाली गेली.

तात्पर्य: दुसऱ्याची अब्रू विकून मुलांना हसवू नये. अन्यायाला गंमत म्हणणारा अन्याय करणाऱ्याचाच जोडीदार असतो.