कोपरा कापलेला नमदा

चू नदीच्या काठी, गवताळ माळ डोंगराला टेकतो तिथे एक वस्ती आहे. या वस्तीत अखंड पांढरा नमदा विकत मिळत नाही. नमदा म्हणजे लोकर भिजवून, तुडवून केलेला जाड बुरणूस. इथले तंबू त्याचे आणि बिछानेही त्याचेच. नवखे गिऱ्हाईक घडी उलगडते आणि हमखास विचारते, “एक कोपरा उंदराने खाल्ला की काय?” वस्तीतली जुनी माणसे चहा पुढे करतात, म्हणतात, आधी बसा, भावाचे मागाहून बघू.

मग सांगतात. तेव्हा म्हणे कझाक नावाचे लोकच नव्हते. सारा माळ एका खानाच्या हुकमात होता. मेंढरे देणारे उघड्यावर राहत, घेणारा तटाआड. कुनिके ही अशाच देणाऱ्यांपैकी एका धनगर टोळीतली थोरली बाई, नमदे करणारी, जिभेची तिखट.

एका साली पूर्वेकडून ओइरात नावाच्या लढवय्या टोळ्यांची धाड आली. खान लढाई हरला, घोडा फेकत शहरात शिरला आणि वेस लावून घेतली. मागून येणारी बायकापोरे, गुरे, सगळी बाहेर. कुनिकेचा नवरा सार्सेन दोन्ही हातांनी वेस बडवत होता. वरून पहारेकरी ओरडला, “आत जागा नाही!” खानाच्या घोड्यांना तेवढी जागा होती. सार्सेन वेशीवर हात असतानाच धाडवाल्यांकडून मारला गेला. अहो, ज्याच्या हातचे खायचे त्याच्याच तोंडावर दार लावायचे, ही कुठली रीत?

संताप पुढेच आहे. धाड ओसरली, आणि बर्फ वितळायच्या आत खानाचा जासूद दारी हजर. “हरल्याचा अपशकुन धुवायचा आहे. खान पुन्हा पांढऱ्या नमद्यावर बसणार. लोकर चांगली घाल, म्हातारे.” सार्सेनबद्दल एक शब्द नाही.

खानाला नमद्यावर बसवून चौघांनी चार कोपरे धरून उचलायचे, ही जुनी चाल होती. कुनिके म्हणाली, “नमदा होईल. बसणारा बदलेल.”

तिची टोळी तंबू गुंडाळून मुलूख सोडून उठली. तिच्यामागे दुसऱ्या उठल्या. खानाच्याच घराण्यातला तोरेगेल्दी नावाचा तरुण सुलतान त्या वेशीची लाज वाटून आधीच फुटून निघाला होता. तो त्यांना वाटेत मिळाला. जासूद नदीपर्यंत पाठीवर आला आणि थुंकून म्हणाला, “कझाक झालात तुम्ही! घर ना दार, धनी ना धाक. पळपुटे!”

“हो, कझाक,” कुनिके म्हणाली. “नीट पाठ कर आणि खानाला जाऊन सांग. वाटेत विसरशील.”

शिवी होती, ती नाव झाली, असे सांगतात.

चू नदीच्या काठी तोरेगेल्दीला नमद्यावर बसवले. चौथा कोपरा कुनिकेने धरला. बाईचा हात कधी लागत नसे, पण तिला अडवणार कोण? उचलल्यावर तोरेगेल्दीला सारे खोरे दिसले आणि तो हरखून ओरडला, “त्या उंचवट्यावर आपला तट बांधू! भक्कम वेस लावू!” लोकांनी जयजयकार केला.

ज्यापायी मुलूख सोडला, तेच पुन्हा? कुनिकेने विचारले, “वेशीची कडी कुठून लागणार रे?”

“आतून, आजी! कडी बाहेरून असते का कुठे?” तो हसला.

तिने हात सोडला.

नवा खान डोक्यावरच्या टोपीसकट चिखलात आला. त्याच्या माणसांच्या तलवारी अर्ध्या बाहेर निघाल्या. कुनिके जागची हलली नाही.

“लागलं का?” तिने विचारले. “सार्सेनला याहून जास्त लागलं होतं.”

तोरेगेल्दीने चिखलात बसूनच तलवारी म्यान करायला लावल्या, कमरेची सुरी काढली, तिच्या हातातून सुटलेला कोपरा कापला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. “हा तुमच्याकडे राहू द्या, आजी. एवढा नमदा खानाचा नाही.”

तट काही झाला नाही. उंचवट्यावर नुसते गवत आहे.

आजही वस्तीचा नवा म्होरक्या निवडला की त्याला नमद्यावर बसवून उचलतात. तीन बाजूंना धरायला कोपरे असतात. चौथ्या बाजूला एखादी म्हातारी कापलेल्या कडेवर मूठ आवळून उभी राहते, आणि बसलेला माणूस सारा वेळ त्या मुठीकडेच बघत असतो.